पस्तीस डिग्रीचा लॅपटॉप, पंचेचाळीसचं वर्धा

लॅपटॉपच्या यूजर गाइडमध्ये, मागच्या पानांवर, एक बारीक अक्षरातली ओळ असते. ती कुणी वाचत नाही, दुकानदारही नाही. लॅपटॉप कोणत्या तापमानात वापरावा हे तिथे लिहिलेलं असतं, आणि लेनोवो घ्या की एचपी, आकडा बहुतेक तोच सापडतो : ५ ते ३५ अंश सेल्सिअस. वर्ध्यात मार्च संपता संपता दुपार या हद्दीबाहेर जाते आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. मृग बरसेपर्यंत, म्हणजे अडीच महिने तरी, जिल्ह्यातले लॅपटॉप रोज दुपारी कंपनीने आखलेल्या रेघेच्या पलीकडे चालतात.

चालतात, हे खरं. त्या रेघेपलीकडे मशीन बंद पडतं असं नाही. पण लॅपटॉप कोणता घ्यावा याचे जे सल्ले आपण ऐकतो-वाचतो ते पुण्या-बंगळुरूच्या एसीत बसून दिलेले असतात. चाळीस ते साठ हजारांत, रोज पाठीवर नेता येईल असा विंडोज लॅपटॉप वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीत बसून घ्यायचा असेल, तर पाहायच्या गोष्टींचा क्रम बदलतो. ज्या प्रोसेसरच्या नावावर दुकानात सगळी घासाघीस होते, तो बराच खाली सरकतो.

आधी उष्णतेचं गणित पाहू. प्रोसेसरची चिप साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापू देतात. त्यापुढे ती स्वतःच वेग कमी करून जीव वाचवते. खोली २५ अंशांवर असेल तर चिप आणि भोवतालची हवा यांत ७५ अंशांचा फरक पडतो. खोली ४५ वर गेली की तो उरतो ५५. उष्णता किती झपाट्याने बाहेर पडेल हे या फरकावर ठरतं. पंखा तोच, तांब्याची नळी तीच, पण बाहेर फेकता येणारी उष्णता पाव हिश्शाहून जास्त घटते. ‘उन्हाळ्यात हा हळू चालतो’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेक वेळा व्हायरस नसतो, हेच असतं.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही बहुतेक प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, साधारण १५ वॅटच्या हिशेबाने बनवलेला. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटच्या आसपासचा, दांडगा. दुकानात एच दाखवतात कारण आकडे मोठे दिसतात आणि किंमत मात्र फारशी वाढत नाही. पण पातळ, स्वस्त अंगाच्या लॅपटॉपमध्ये बसवलेल्या एचला आपल्या मे महिन्यात धड श्वास घेता येत नाही. वेग यूचा मिळतो, पंख्याचा आवाज आणि बॅटरीची उधळपट्टी मात्र एचची. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग हेच काम असेल तर जाड, जड, दोन पंख्यांचा एच घ्यावा आणि तो टेबलावर ठेवावा. रोज सोबत नेण्यासाठी यूच बरा. अजिबात पंखा नसलेले लॅपटॉपही मिळतात आणि शांत म्हणून आवडतात. ते थंड प्रदेशाला लखलाभ.

बॅटरीचं दुखणं याहून खोल आहे. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत : उष्णता, आणि कायम काठोकाठ भरलेलं असणं. चाळीस अंशांच्या खोलीत दिवसभर चार्जर लावून ठेवला की दोन्ही एकदम होतं. म्हणून लेनोवो, एसुस, एचपी, डेल, एसर यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये नाहीतर सुरुवातीच्या बायोस सेटिंगमध्ये ती सापडते. घरी टेबलावर वापरताना ती चालू ठेवावी आणि बाहेर जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री काढावी. आणखी एक : भर उन्हात उभ्या केलेल्या कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवून लग्नाच्या पंगतीला बसू नये. बंद लॅपटॉपलाही ६० अंशांची मर्यादा सांगितलेली असते आणि बंद कारला तिथे पोचायला फार वेळ लागत नाही.

मग कूलर आहे. आपल्याकडे उन्हाळा कूलरवर निघतो, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवणं हा उपाय नाही. बोअरचं जड पाणी कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर धरतं, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच पाण्याचे बारीक तुषार लॅपटॉपच्या जाळीतून आत जातात आणि सुकले की तोच थर पंख्यावर आणि बोर्डावर धरतात. लॅपटॉप कूलरच्या खोलीत असावा, तोंडासमोर नसावा. हिंगणघाटच्या जिनिंगच्या ऑफिसांत आणि अडत्यांच्या गाद्यांवर याच्या जोडीला कापूस येतो. हंगामात हवेत तरंगणारा तंतू पंख्याच्या जाळीवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि थोड्याच दिवसांत तिथे बोटाने उचलता येईल असा राखाडी नमदा तयार होतो. अशा ठिकाणी दिवाळीनंतर एकदा आणि होळीआधी एकदा मागचं झाकण उघडून पंखा साफ करून घ्यावा. तेव्हा झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं की गोंदाने चिकटवलेलं आहे, हे घेतानाच पाहिलेलं बरं.

आता ‘सोबत नेण्यासारखा’ म्हणजे नेमका किती हलका? १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचा संगणक पोर्टेबल म्हणून विकला गेला, त्याचं वजन अकरा किलोंच्या आसपास होतं. त्या मानाने आज सगळंच हलकं आहे. पण सकाळची गाडी धरून नागपूरला अपडाऊन करणाऱ्याला, किंवा आर्वीहून एसटीत उभ्याने वर्ध्याला येणाऱ्या पोराला, अर्धा किलोचा फरक खांद्यात जाणवतो. १५.६ इंचांचा लॅपटॉप साधारण १.६ ते १.८ किलोंचा असतो, १४ इंचांचा १.३ ते १.५ किलोंचा. जाहिरातीत चार्जरचं वजन धरत नाहीत, तेव्हा दुकानात लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही पिशवीत घालून खांद्याला लावून पाहावेत. दुकानदार हसेल, हसू द्यावं.

माझं मत १४ इंचांच्या बाजूने आहे. एकच अडचण खरी : १४ इंचांच्या कीबोर्डवर उजवीकडचा आकड्यांचा वेगळा पट्टा नसतो, आणि दिवसभर टॅलीत नोंदी करणाऱ्याचा हात त्यावाचून अडतो. पण यूएसबीने जोडायचा सुटा नंबर पॅड मिळतो. तो दुकानात ठेवावा, लॅपटॉप घरी न्यावा.

वजनाइतकाच चार्जरच्या पिनचाही विचार करावा. जुन्या पद्धतीची गोल पिन प्रत्येक कंपनीची निराळी. चार्जर रेल्वेत राहिला की ती विशिष्ट पिन गावात शोधत फिरावं लागतं, आणि जी मिळते ती बहुतेक वेळा नकली असते. टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ६५ वॅटचा एकच चार्जर फोनलाही चालतो, लॅपटॉपलाही. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं, त्यामुळे ही सोय स्वस्त मॉडेल्सपर्यंत झिरपते आहे. पण गफलत अशी की टाइप-सीचं छिद्र दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही पोर्ट फक्त पेनड्राइव्हपुरते असतात. दुकानातच कुणाचा तरी ६५ वॅटचा चार्जर लावून चार्जिंगची खूण येते का, हे पाहावं.

बॅटरीचे तासही स्वतः मोजता येतात. जाहिरातीतले ‘दहा तास’ सोडून द्या आणि वॅट-अवर पाहा. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि वर्ड, ब्राउझर, मध्यम उजेड असं साधं काम, म्हणजे सात-आठ वॅट. साडेपाच तास धरा. उजेड पूर्ण, वायफायवर व्हिडिओ आणि शेजारी व्हॉट्सॲप चालू असलं की दहा-अकरा वॅट, म्हणजे चार तास. दोन उन्हाळे गेल्यावर यातूनही वजा करावं लागेल. वीज गेल्यावरही काम न थांबता चालायला हवं असेल तर ५० वॅट-अवरच्या पुढची बॅटरी घ्यावी, प्रोसेसर एक पायरी खालचा आला तरी चालेल.

वस्तू घेण्याआधी अटी लिहून काढाव्यात, ही रीत नवी नाही. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी आज वाचल्या तर एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकाची यादी वाटते. चरखा हलका आणि सहज हलवता येण्यासारखा हवा. खेड्यातल्या झोपडीत चालायला हवा. एका बाईला आठ तास फारसं न थकता त्यावर काम करता आलं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. पुढे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्यावर प्रयोग केले तो पेटीत मिटणारा चरखा येरवडा चरखा म्हणून ओळखला गेला. वर्ध्यातल्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्याच हस्ते झालं, चरख्याचे असे निरनिराळे नमुने पाहायला मिळतात.

बक्षिसाच्या अटींतली मला सर्वांत आवडणारी शेवटची, दुरुस्तीच्या खर्चाची. वस्तूची किंमत बिलावर संपत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पन्नास हजारांच्या लॅपटॉपला पाच टक्के म्हणजे वर्षाला अडीच हजार, पाच वर्षांत साडेबारा हजार. एवढ्यात एक बॅटरी, एकदा कीबोर्ड आणि पंख्याची साफसफाई बसायला हवी. जो लॅपटॉप उघडतच नाही, ज्यातलं काहीच बदलता येत नाही, तो या अटीत नापास होतो. लॅपटॉप वीस वर्षं टिकवा असं कुणी म्हणणार नाही. सहा वर्षं मात्र मागावीत.

आता दुकानात जाऊ. बारावी झालेली मुलगी, इंजिनीअरिंगला नुकतीच ॲडमिशन, सोबत बाप.

‘काका, रायझन फाइव्ह आहे, सात हजार सिरीज. चार वर्षं पाहणं नाही.’

‘आणि हा? हाही रायझन फाइव्हच ना? मग हा चार हजारानं महाग काहून?’

‘तसाच आहे तोही. मॉडेल थोडं वेगळं.’

ते ‘थोडं वेगळं’ समजून घेण्यासारखं आहे, कारण चार हजार त्यातच दडलेत. एएमडीने २०२३ च्या लॅपटॉप प्रोसेसरना चार आकडी नावं दिली. पहिला आकडा वर्षाचा : ७ म्हणजे २०२३, ८ म्हणजे २०२४. दुसरा दर्जाचा. खरी गोम तिसऱ्या आकड्यात असते. आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०-यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जी रचना २०१९ साली बाजारात आली, कोअर चार. रायझन ५ ७५३०-यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. डब्यावर दोन्हीकडे ‘रायझन ५’ आणि ‘७०००’ असंच झळकतं. शिवाय ७५२०-यूला जी मेमरी लागते ती बोर्डावर डाग देऊन पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही. त्या बापाने चार हजार जास्त मोजावेत, असं मी म्हणेन. पुढच्या मॉडेल्सची नावं बदलत गेली आहेत, पण सवय तीच ठेवावी : स्टिकर न वाचता पूर्ण आकडा वाचावा.

इंटेलकडेही तोच खेळ आहे, जरा सभ्यपणे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कोअर अल्ट्रा’ आले आणि नव्या नावांतून तो ओळखीचा ‘आय’ गळाला. पण ‘अल्ट्रा’ नसलेला नुसता ‘कोअर ५ १२०-यू’ हा आतून तेराव्या पिढीचाच भाऊबंद आहे. तो वाईट नाही. फक्त नवा म्हणून त्याला जास्त पैसे देऊ नयेत. बाराव्या-तेराव्या पिढीचा आय-थ्री, उदाहरणार्थ १२१५-यू, ऑफिस, अभ्यास आणि टॅलीला पुरून उरतो. टाळायचा तो सर्वांत खालचा थर. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं इंटेलने लॅपटॉपमधून २०२३ पासून काढली आणि त्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ आणि एन-१०० सारखे आकडे आले. ज्यांनी सेलेरॉनचा ताप भोगला ते नवं नाव पाहून फसतात.

प्रोसेसरपेक्षा मेमरी, म्हणजे रॅम, रोजच्या कामात जास्त जाणवते. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ब्राउझरचे दहा टॅब, टीम्स आणि एक एक्सेल उघडलं की ८ जीबी भरत येते आणि लॅपटॉप एसएसडीकडे, म्हणजे फाइली साठवायच्या जागेकडे, उसनवारी सुरू करतो. १६ घ्यावी. पूर्वी सांगता यायचं की आत्ता ८ घ्या, वर्षाने आणखी ८ टाका, स्वस्तात होईल. २०२५ च्या अखेरीला ते गणित बिघडलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की भाव जगभर चढले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. तरीही बजेट ताणत नसेल तर ८ जीबी अधिक एक रिकामा स्लॉट, हा सौदा पक्क्या बसवलेल्या ८ जीबीपेक्षा कधीही बरा.

स्लॉट आहे की नाही, हे विचारून कळत नाही. ‘होऊन जाते’ असं उत्तर मिळतं. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा दोन नोंदी दिसतात. तिथे ‘एसओडिम’ असेल तर मेमरीची पट्टी निघते-बसते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर मेमरी बोर्डाला डाग दिलेली आहे, जे आहे तेच मरेपर्यंत. त्याच खिडकीत सीपीयूवर गेलं की प्रोसेसरचा पूर्ण आकडाही दिसतो. मिनिटभराचं काम आहे.

एसएसडी ५१२ जीबीची घ्यावी, एनव्हीएमई प्रकारची. ईएमएमसी लिहिलेलं असेल तर तो लॅपटॉप खाली ठेवावा. घरी आल्यावर ५१२ च्या जागी ४७६ दिसले म्हणून भांडायला जाऊ नये : कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

पडद्याचं मात्र नीट पाहावं, कारण स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी काटकसर तिथेच होते. स्पेसिफिकेशनमध्ये २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी असं दिसलं, तर समजावं की उजेड कमी आणि रंग फिके. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते चालून जातं. म्हणून लॅपटॉप उचलून दुकानाच्या दारापर्यंत न्यावा, उजेड पूर्ण करावा आणि पांढऱ्या पानावरचं मराठी वाचून पाहावं. वेलांट्या-अनुस्वार शोधावे लागले तर कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा खिडकीजवळच्या सीटवर काय होईल ते कळलंच. ३०० निट्सच्या पुढे आणि चकाकी नसलेला आयपीएस पडदा ही किमान अपेक्षा. १९२० × १०८० ऐवजी १९२० × १२०० मिळाला तर घ्यावा. उंची थोडी वाढते आणि एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात.

सध्या ‘कोपायलट प्लस’ असा शिक्का मारलेले लॅपटॉप पुढे केले जातात. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा वर्ग जाहीर केला. त्यात किमान १६ जीबी मेमरी आणि एआयसाठीचा वेगळा भाग लागतो. १६ जीबी सक्तीची, हा त्यातला खरा फायदा. यातले सुरुवातीचे लॅपटॉप स्नॅपड्रॅगनचे, म्हणजे एआरएम जातीच्या चिपचे होते, आणि आजही ते मिळतात. बॅटरी उत्तम, उष्णता कमी, म्हणजे आपल्या हवेला सोयीचे. पण विंडोजची नेहमीची सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात आणि ड्रायव्हर मात्र एआरएमसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. टेंडर भरणारा ठेकेदार, डिजिटल सहीचं टोकन लावणारा सीए, आधारचं बोटांचं यंत्र वापरणारं सेवा केंद्र, डोंगलवर चालणारं मराठी सॉफ्टवेअर वापरणारा डीटीपीवाला : यांनी आपलं उपकरण सोबत नेऊन, लावून, चालवून पाहिल्याशिवाय स्नॅपड्रॅगन घेऊ नये. विद्यार्थ्याला हरकत नाही, अभ्यासक्रमातली सॉफ्टवेअर चालत असतील तर.

विंडोजबद्दल थोडंच. ‘डॉस’ लिहिलेला लॅपटॉप दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसतो आणि त्यात ‘विंडोज टाकून देतो’ असं सांगितलं जातं. ते चोरीचं असतं, आणि त्यासोबत काय आलं हे कुणी सांगत नाही. विंडोज कंपनीतून आलेलं हवं. ‘एस मोड’ चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. तो फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत लावता येत नाही, आणि लावावासा वाटणारही नाही. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच आहे. ज्यांना टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची असेल त्यांनी कळा दाबून पाहाव्यात. काही पातळ लॅपटॉपच्या कळा इतक्या उथळ असतात की वेग येतच नाही.

पंचवीस-तीस हजारांतच भागवायचं असेल तर नव्यातला सर्वांत स्वस्त घेण्यापेक्षा वापरलेला चांगला घ्यावा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे ऑफिसचे लॅपटॉप काढून टाकतात आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. नागपुरात सीताबर्डीला अशी दुकानं आहेत. अंगाने दणकट, कीबोर्ड सुरेख, आतलं बरंच बदलता येण्यासारखं. सापळा एकच, पण मोठा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे बसायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप ढिगाने स्वस्त झाले आहेत. आय-फाइव्ह ६२००-यू, ७३००-यू यांतला पहिला आकडा पिढीचा; ८२५०-यू चालेल, त्याखालचा नको. बॅटरी किती उरली आहे तेही पाहता येतं : विंडोज स्वतःच बॅटरी रिपोर्ट काढून देतं, त्यात बॅटरी मूळची किती आणि आता किती भरते हे दोन्ही आकडे असतात. विकणाऱ्याला तो काढायला सांगावा. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजावं.

नव्याच्या वॉरंटीत ‘ऑनसाइट’ लिहिलेलं असतं, म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. ते पिनकोडवर ठरतं. नागपूरला येणारा माणूस ४४२००१ ला येईल का, आणि आर्वीच्या ४४२२०१ ला येईल का, हे घेण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला पिनकोड सांगून विचारावं. उत्तर ‘कॅरी-इन’ आलं तर बिघाड झाला की लॅपटॉप घेऊन नागपूरची वारी आली, एकदा द्यायला आणि एकदा आणायला. हजार रुपये वाचतात म्हणून ऑनलाइन घ्यायचा की गावातल्या ओळखीच्या दुकानातून, याचा निर्णय मी तरी या एका प्रश्नावर घेतो. गावातला दुकानदार स्वतः नेऊन-आणून देणार असेल तर ते हजार रुपये त्यालाच द्यावेत. पाणी सांडणं, पडणं हे साध्या वॉरंटीत बसत नाही; त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि होस्टेलवर राहणाऱ्या पोरांसाठी ते घेण्यासारखं आहे.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्यांचा स्वतःचा जीएसटी नंबर आहे आणि लॅपटॉप धंद्यासाठी आहे त्यांनी त्या नंबरचंच बिल मागावं, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबरशी जुळतो का ते तिथेच पाहावं. मग तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकावा. वॉरंटी कधी सुरू झाली ते तिथे दिसतं, आणि बरेच महिने दुकानात पडून राहिलेल्या लॅपटॉपची वॉरंटी कधी कधी तुम्ही घेण्याआधीच सुरू झालेली असते. बिल पाठवलं की कंपनी तारीख दुरुस्त करते. हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाकावं.